सहावा शिक्का आणि उल्कांचे गणित

१५ एप्रिल २०१४, ८ ऑक्टोबर २०१४, ४ एप्रिल २०१५ आणि २८ सप्टेंबर २०१५ या चार दिवशी खग्रास चंद्रग्रहणे झाली. त्यांपैकी दोन यहुद्यांच्या वल्हांडणाच्या वेळी आणि दोन मांडवांच्या सणाच्या वेळी आली. एवढ्या जुळणीवर अमेरिकेतील काही लोकप्रिय धर्मोपदेशकांनी पुस्तके लिहिली, व्याख्याने दिली आणि दूरचित्रवाणीवर कार्यक्रम केले. परमेश्वराचा महान व भयंकर दिवस येण्यापूर्वी सूर्य अंधकारमय आणि चंद्र रक्तमय होईल, हे योएल संदेष्ट्याचे वचन त्यांचा आधार होता. ग्रहण लागलेला चंद्र तांबडा दिसतो हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते, ग्रहणांच्या तारखा खगोलशास्त्रज्ञांनीच जाहीर केलेल्या असतात आणि सणांच्या तारखा कॅलेंडरात छापलेल्या असतात. तेव्हा विज्ञानानेच बायबलला दुजोरा दिला, असा त्यांचा एकूण युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद तपासायला दुर्बीण लागत नाही, घरच्या पंचांगावर भागते. यहुदी महिने आपल्या महिन्यांप्रमाणेच चांद्र आहेत. वल्हांडण नीसान महिन्याच्या पंधराव्या दिवशी आणि मांडवांचा सण तिश्री महिन्याच्या पंधराव्या दिवशी सुरू होतो, म्हणजे दोन्ही सण पौर्णिमेच्या सुमारासचे. चंद्रग्रहण पौर्णिमेखेरीज होतच नाही. शिवाय या दोन सणांमध्ये सहा चांद्रमासांचे अंतर असते आणि ग्रहणेही बहुधा तेवढ्याच अंतराने येतात, त्यामुळे एक ग्रहण वल्हांडणाला आले तर पुढचे मांडवांच्या सणाला येण्यात नवल काहीच राहत नाही. सलग चार खग्रास चंद्रग्रहणांची अशी मालिका एकविसाव्या शतकात आठ वेळा येते. १६०० ते १९०० या तीनशे वर्षांत ती एकदाही आली नव्हती. त्यातही गंमत अशी की २०१४-१५च्या चार ग्रहणांपैकी पहिली तीन यरुशलेममधून दिसलीच नाहीत. ज्या भूमीसाठी ही खूण असल्याचे सांगितले जात होते, त्या भूमीच्या आकाशात ती उमटली फक्त एकदा.

बायबलमधील प्रतीकात्मक भविष्यवाणी खरी की खोटी, हा या लेखाचा प्रश्न नाही. तो श्रद्धेचा प्रश्न आहे आणि ज्याचा त्याने सोडवायचा आहे. माझा प्रश्न त्याहून मर्यादित आहे. घटना घडून गेल्यावर तिला साजेसे वचन शोधायचे, वचनातील श्वापदाच्या जागी यंत्र आणि ताऱ्याच्या जागी अणुभट्टी बसवायची, आणि या उद्योगाला ‘आधुनिक विज्ञानाच्या प्रकाशात केलेला अर्थबोध’ म्हणायचे, हे योग्य आहे का? माझ्या मते ते मुळीच योग्य नाही. अशा वाचनात विज्ञानाचे शब्द तेवढे उसने घेतलेले असतात, त्याची तपासणीची शिस्त बाहेरच राहते. या व्यवहारात विज्ञानाचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते त्या वचनांचे, कारण त्यांना जे म्हणायचे आहे त्याच्यावर यंत्रांचा गलका चढतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातील सहाव्या अध्यायाचे आहे. ख्रिस्ताचे प्रतीक असलेला कोकरा सात शिक्क्यांनी बंद केलेल्या गुंडाळीचा सहावा शिक्का फोडतो तेव्हा मोठा भूकंप होतो, सूर्य केसांच्या तरटासारखा काळा पडतो, चंद्र रक्तासारखा होतो आणि वाऱ्याने हललेल्या अंजिराच्या झाडावरून कच्ची फळे गळावीत तसे तारे पृथ्वीवर पडतात. एकोणिसाव्या शतकातील अनेक अमेरिकी वाचकांना हा क्रम आपल्याच काळात पुरा होताना दिसला. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बन शहर भूकंपाने, त्यामागून आलेल्या समुद्राच्या लाटांनी आणि आगीने उद्ध्वस्त झाले. १९ मे १७८० रोजी न्यू इंग्लंडमध्ये भर दिवसा असा काळोख पसरला की घराघरांत मेणबत्त्या लावाव्या लागल्या. १३ नोव्हेंबर १८३३च्या पहाटे उत्तर अमेरिकेच्या आकाशातून तासाला हजारोंच्या संख्येने उल्का कोसळल्या आणि झोपेतून उठून बाहेर आलेल्या माणसांना जगाचा शेवट आला असे वाटले. भूकंप, अंधार, तारे: वचनातला क्रम आणि इतिहासातला क्रम एकच. ख्रिस्ताच्या पुनरागमनाची वाट पाहणाऱ्या ॲडव्हेंटिस्ट पंथांच्या परंपरेत या तीन घटना भविष्यवाणीच्या पूर्ततेची साखळी म्हणून पिढ्यानपिढ्या शिकवल्या गेल्या.

१७८०च्या काळोखाचे कारण आज बऱ्यापैकी निश्चित झाले आहे. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात त्या सुमारास मोठे वणवे लागले होते. तिथल्या झाडांच्या खोडांतील वार्षिक वलयांत त्या आगीचे व्रण संशोधकांना सापडले आहेत. धुराचे दाट लोट आणि ढग एकत्र आले आणि दिवस झाकोळला. इथे फार थांबण्याचे कारण नाही. थांबायला हवे ते १८३३च्या उल्कावर्षावापाशी, कारण त्या एका पहाटेपासून दोन वाटा फुटल्या आणि दोन्ही कुठे गेल्या हे आपल्याला नीट पाहता येते.

पहिली वाट येल येथील प्राध्यापक डेनिसन ओल्मस्टेड यांची. त्यांनी वृत्तपत्रांतून आवाहन करून ठिकठिकाणच्या लोकांनी काय पाहिले ते मागवले. त्या नोंदी एकत्र केल्यावर दिसले की सर्व उल्का सिंह राशीतील एका बिंदूतून फाकल्यासारख्या येत होत्या आणि रात्र सरत गेली तसा तो बिंदूही ताऱ्यांबरोबर सरकत गेला. याचा अर्थ उल्कांचा उगम पृथ्वीच्या हवेत नव्हता, तो बाहेर अवकाशात होता. पुढे येलच्याच ह्युबर्ट न्यूटन यांनी अनेक शतकांच्या जुन्या नोंदी धुंडाळल्या, हा मोठा वर्षाव साधारण तेहतीस वर्षांनी परततो असे दाखवले आणि १८६६च्या नोव्हेंबरात तो पुन्हा होईल असे आधीच जाहीर केले. तो झाला. त्याच सुमारास टेम्पेल-टटल हा धूमकेतू सापडला आणि उल्का म्हणजे त्याच्या कक्षेत मागे राहिलेली धूळ, हे उमगले. मग १८९९ साली पुन्हा वर्षाव होणार म्हणून वृत्तपत्रांनी गाजावाजा केला, लोक थंडीत रात्र रात्र जागले आणि आकाशाने त्यांची साफ निराशा केली. गुरू आणि शनी यांच्या ओढीने धुळीचा प्रवाह बाजूला सरकला होता. खगोलशास्त्राची ती जाहीर फजिती होती. तिच्यातूनच धुळीच्या एकेका पट्ट्याचा स्वतंत्र हिशेब ठेवण्याची गरज पटत गेली, आणि १९९९ साली डेव्हिड ॲशर व रॉबर्ट मॅकनॉट यांनी वर्तवलेली वर्षावाच्या शिखराची वेळ काही मिनिटांच्या फरकाने खरी ठरली.

दुसरी वाट भविष्यवाणीच्या अर्थकारांची. तीच पहाट, तेच आकाश. पण तिथे निष्कर्ष आधीच हाती होता. १८६६ साली तारे पुन्हा ‘पडले’, १९६६ साली पश्चिम अमेरिकेवर तर १८३३ची आठवण व्हावी असे पडले, तरी अर्थ बदलावा लागला नाही, कारण त्या अर्थाने कोणतीही जोखीम घेतलेलीच नव्हती. दर तेहतीस वर्षांनी येऊ शकणारी गोष्ट एकदाच यायच्या अंतिम खुणेचे काम कसे करील, हा प्रश्न त्या परंपरेत विचारला गेला नाही असे नाही, पण त्याच्या उत्तराने काही हललेही नाही. १८९९ साली खगोलशास्त्रज्ञ चुकू शकले, कारण त्यांचे म्हणणे चुकू शकेल अशा भाषेत मांडलेले होते. ज्या अर्थाला चुकण्याची सोयच ठेवलेली नाही, त्याला विज्ञानाचा प्रकाश मिळाला असे म्हणण्यात काही तथ्य नाही.

या कसोटीवर मला विल्यम मिलर यांच्याविषयी आदर वाटतो, हे सांगितले पाहिजे. न्यूयॉर्क राज्यातील या बाप्तिस्त शेतकऱ्याने जुन्या करारातील दानीएलाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातील २,३०० दिवस म्हणजे वर्षे असे धरले, पारसाच्या अर्तहशश्त राजाच्या काळातील इ.स.पू. ४५७ पासून ती मोजली आणि ख्रिस्ताचे पुनरागमन १८४३-४४च्या सुमारास होणार असे सांगितले. अनुयायांनी अखेर २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख नक्की केली आणि मिलर यांनीही ती शेवटी मान्य केली. हजारो लोक त्या दिवसाची वाट पाहत राहिले. काहींनी शेतातले पीकही कापले नाही. दिवस उजाडला आणि मावळला. इतिहासात त्याला ‘महानिराशा’ असे नाव पडले आहे. मिलर यांचे गणित चुकले, पण ते चुकले हे जगाला कळले, कारण त्यांनी तारीख दिली होती. आजचे बहुतेक अर्थकार तारीख देत नाहीत. ‘आपण शेवटच्या काळात आहोत’, ‘खुणा दिसू लागल्या आहेत’ अशी वाक्ये ते वापरतात. ती वाक्ये कुठल्याही शतकात, कुठल्याही महिन्यात म्हणता येतात. मिलर यांच्या फजितीतून त्यांनी एवढाच धडा घेतलेला दिसतो की पकडले जाईल असे काही बोलू नये.

विज्ञानाची खरी जाण असलेली माणसेही या मोहातून सुटली नाहीत. लॉगरिदम शोधणाऱ्या जॉन नेपिअर यांनी १५९३ साली प्रकटीकरणावर सविस्तर भाष्य प्रसिद्ध केले आणि जगाचा अंत १६८८ ते १७०० या दरम्यान होईल असा हिशेब मांडला. त्यांची आकडेमोड उत्तम होती, गृहीतक तेवढे वाऱ्यावर होते. आयझॅक न्यूटन यांनी या विषयावर पानेच्या पाने लिहिली. दानीएल आणि प्रकटीकरण यांवरची त्यांची टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर १७३३ साली छापली गेली, आणि जी हस्तलिखिते आज यरुशलेममध्ये आहेत त्यांत २०६० या वर्षाचा उल्लेख सापडतो: इ.स. ८०० मध्ये १,२६० वर्षे मिळवून आलेला. वृत्तपत्रांना या आकड्याचे फार आकर्षण. पण न्यूटन यांनी त्याच ठिकाणी म्हटले आहे की अंत केव्हा होईल हे ठासून सांगण्यासाठी आपण हे लिहिलेले नाही. वारंवार तारखा जाहीर करून आणि त्या खोट्या ठरवून पवित्र भविष्यवाण्यांची नाचक्की करणाऱ्या कल्पनाविलासी लोकांना आळा बसावा, एवढाच आपला हेतू आहे. देवाने आपल्याला संदेष्टे बनवण्यासाठी हे ग्रंथ दिले, असे समजणे हा अर्थकारांचा मूर्खपणा आहे, असेही त्यांचे मत होते. गुरुत्वाकर्षणाच्या नियमासाठी न्यूटन यांचा हवाला देणाऱ्यांनी हा हवालाही द्यायला हरकत नाही.

आता प्रतीकांकडे येऊ. प्रकटीकरणातील चित्रे पहिल्यांदा त्याच पुस्तकात अवतरली, असा समज बाळगणाऱ्याला त्यांत काहीही दिसू शकते. पण ती बहुतेक जुन्या करारातून आलेली आहेत आणि तिथे त्यांचा वापर ठरलेला आहे. यशयाच्या तेराव्या अध्यायात तारे प्रकाशत नाहीत आणि सूर्य उगवतानाच काळवंडतो. विषय आहे बाबेलचा पाडाव. चौतिसाव्या अध्यायात आकाश गुंडाळीसारखे गुंडाळले जाते आणि तारागण अंजिराच्या पानांसारखे गळतात. विषय आहे एदोम राष्ट्राचा नाश. यहेज्केलाच्या बत्तिसाव्या अध्यायात सूर्य ढगांनी झाकला जातो आणि चंद्र प्रकाश देत नाही. विषय आहे मिसरचा फारो. इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल पडले, तेव्हा दुसऱ्या दिवशी सूर्य नेहमीसारखाच उगवला असणार, आणि तेवढ्यावरून यशया खोटा ठरला असे कोणी म्हटले नाही, कारण ऐकणाऱ्यांना ठाऊक होते की इथे राज्य बुडण्याविषयी बोलणे चालू आहे. सहाव्या शिक्क्याच्या वेळी गळणारी अंजिरे यशयाच्याच झाडावरची आहेत. लिस्बनचा भूकंप आणि सिंह राशीच्या उल्का यांना तिथे आणून बसवण्याआधी निदान एवढे पाहायला हवे होते.

कित्येक ठिकाणी तर ग्रंथ स्वतःच किल्ली हाती देतो. दानीएलाच्या आठव्या अध्यायात दोन शिंगांचा मेंढा म्हणजे मेदी व पारसी राजे आणि बकरा म्हणजे ग्रीसचा राजा, असे स्पष्ट लिहिले आहे. प्रकटीकरणाच्या सतराव्या अध्यायात श्वापदाची सात डोकी म्हणजे सात डोंगर, असे सांगितले आहे, आणि पहिल्या शतकातील वाचकाला सात टेकड्यांचे शहर कोणते हे सांगावे लागत नव्हते. श्वापदाचा आकडा म्हणून दिलेल्या ६६६ चेही तसेच. ‘नेरो कैसर’ हे रोमन सम्राटाचे नाव हिब्रू अक्षरांत लिहून त्या अक्षरांच्या किमतींची बेरीज केली तर ६६६ येते. नावाचे लॅटिन वळण घेतले तर एक अक्षर गळते आणि बेरीज ६१६ होते. आणि काही प्राचीन हस्तलिखितांत ६६६ ऐवजी नेमका ६१६ हाच आकडा सापडतो. एकाच अंदाजाने दोन्ही पाठांचा उलगडा व्हावा, ही गोष्ट माझ्या दृष्टीने पुष्कळ पुराव्याची आहे. त्याउलट २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय गावात चुइंगमच्या पाकिटावरचा बारकोड पहिल्यांदा दुकानाच्या यंत्राने वाचला, आणि पुढच्या काही वर्षांत त्याच्या सुरुवातीच्या, मधल्या व शेवटच्या लांब रेघा ६ या अंकाच्या रेघांसारख्या दिसतात म्हणून तेच श्वापदाचे चिन्ह, असा बोभाटा झाला. छळ सोसणाऱ्या, आशिया या रोमन प्रांतातील सात ख्रिस्ती मंडळ्यांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात अमेरिकेतील किराणा दुकानाच्या रेघांची सूचना कशासाठी असावी, हे कोणी सांगितले नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो अगदीच फेटाळण्यासारखा नाही. पहिल्या शतकातील माणसाला भविष्यातले यंत्र दाखवले गेले असेल, तर त्याच्याजवळ त्यासाठी शब्द कुठून असणार? तो त्याला ठाऊक असलेल्या प्राण्यांच्या भाषेतच बोलणार. प्रकटीकरणाच्या नवव्या अध्यायातील टोळ घ्या: युद्धाला सज्ज घोड्यांसारखे रूप, माणसाचे तोंड, सिंहाचे दात, लोखंडी उरस्त्राणे, रथांच्या आवाजासारखा पंखांचा आवाज, विंचवासारखी शेपटी. व्हिएतनाम युद्धानंतर हे वर्णन लढाऊ हेलिकॉप्टरचे आहे असा अर्थ अमेरिकेत फार लोकप्रिय झाला. पण प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाजवळ शब्द नव्हते ही अडचण इथे नाहीच, कारण त्याला शब्द पुरवणारा योएल आधीच होता. सिंहाचे दात, घोड्यांचे रूप, रथांचा घडघडाट हे सगळे योएलाच्या पहिल्या दोन अध्यायांत आहे आणि तिथे ती खरीखुरी टोळधाड आहे, पिके फस्त करणारी. मे २०२० मध्ये विदर्भात अमरावती, वर्धा, नागपूर भागांत टोळांचे थवे उतरले तेव्हा ज्या शेतकऱ्यांनी ते पाहिले, त्यांना या वर्णनात हेलिकॉप्टर शोधावेसे वाटणार नाही. आणि समजा, आक्षेप मान्य केला, तरी अडचण उरतेच. काही वर्षांनी हेलिकॉप्टर जुने होईल, मग तेच टोळ ड्रोन ठरतील. त्यापुढे आणखी काही. जे वर्णन प्रत्येक नव्या शस्त्राला चपखल बसते, त्यातून कोणत्याही एका शस्त्राविषयी आपल्याला काही कळलेले नसते.

मराठी वाचकाला हे सारे ओळखीचे वाटेल. २०१५च्या जानेवारीत मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला आणि त्याचा आधार असलेला ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या प्रारंभीचा असून त्यातील आकृत्यांप्रमाणे बनवलेले यान उडू शकणार नाही, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ सालीच दाखवून दिले होते. पुष्पक विमानाला अभियांत्रिकीचे प्रमाणपत्र मिळवून देण्याची धडपड आणि प्रकटीकरणातील टोळांना इंजिन बसवण्याची धडपड एकाच जातीच्या आहेत. दोन्हींच्या मुळाशी विज्ञानापुढचा न्यूनगंड आहे: ग्रंथ मोठा ठरायचा असेल तर त्यात विज्ञान आधीच असले पाहिजे, असा. संत ऑगस्टीन यांना हा न्यूनगंड नव्हता. ज्या गोष्टी अनुभवाने आणि गणिताने निश्चित कळतात, त्यांविषयी शास्त्रवचनांच्या नावावर भलतेसलते बोलून ख्रिस्ती माणसाने अविश्वासूंपुढे आपले हसे करून घेऊ नये, असा इशारा त्यांनी पाचव्या शतकाच्या सुरुवातीलाच उत्पत्तीच्या पुस्तकावरील भाष्यात देऊन ठेवला आहे.

मग विज्ञानाने भविष्यवाणीच्या ग्रंथांपासून दूरच राहावे का? तसे मी म्हणत नाही. त्याला तिथे भरपूर काम आहे, फक्त ते वेगळे आणि कष्टाचे आहे. येशूला वधस्तंभावर खिळले त्या वेळी दुपारी पडलेला अंधार म्हणजे सूर्यग्रहण होते, असे कोणी लिहिले, तेव्हा तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक युलियुस आफ्रिकानुस यांनी ते नाकारले. वल्हांडण पौर्णिमेला येतो आणि सूर्यग्रहण अमावास्येखेरीज होत नाही, हे त्यांचे कारण आपल्याकडे आजीबाईंनाही पटेल. १९८३ साली हम्फ्रीज आणि वॉडिंग्टन या ऑक्सफर्डच्या संशोधकांनी वधस्तंभाची तारीख ३ एप्रिल ३३ असावी असे मांडले, त्या संध्याकाळी यरुशलेममध्ये चंद्र ग्रहण लागलेल्या स्थितीतच उगवला होता असे गणिताने दाखवले, आणि वल्हांडणानंतर सुमारे पन्नास दिवसांनी येणाऱ्या पेंटेकॉस्टच्या सणाला येशूचा शिष्य पेत्र याने योएलाचे रक्तमय चंद्राचे वचन उच्चारले त्यामागे ही ताजी आठवण असावी असे सुचवले. पेंटेकॉस्ट पौर्णिमेला येत नाही, त्यामुळे त्या दिवशीच्या ग्रहणाचा प्रश्नच नव्हता. इतर खगोलशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला की चंद्रोदयाच्या संधिप्रकाशात ते ग्रहण तांबडे सोडाच, लक्षात येण्याजोगेही दिसले नसेल. कोणाचे बरोबर, हा मुद्दा वेगळा. या वादात दोन्ही बाजू आपली चूक कुठे सापडू शकेल हे सांगून बोलत होत्या.

अशा कामाचे आणखी एक उदाहरण प्रकटीकरणातच आहे. त्या सात मंडळ्यांपैकी लावदिकीया शहरातील मंडळीला ‘तू ना थंड ना ऊन, कोमट आहेस, म्हणून मी तुला ओकून टाकीन’ असे म्हटले आहे. या कोमटपणाचा संदर्भ त्या परिसरातल्या पाण्यात सापडतो. समोर हिरापोलीस येथे गरम पाण्याचे झरे आहेत, ज्यांच्या चुन्याच्या पांढऱ्या पायऱ्या पाहायला आज पर्यटक तुर्कस्तानातील पामुक्कालेला जातात. आणि लावदिकीयाच्या उत्खननात सापडलेल्या पाण्याच्या नळांत चुन्याचे जाड थर आढळतात. इ.स. ६० च्या भूकंपानंतर हे शहर रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशाने उभे राहिले, असे रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो. ‘मी श्रीमंत आहे, मला कशाची उणीव नाही’ हे पत्रातले वाक्य कोणाच्या तोंडचे आहे ते मग वेगळे सांगावे लागत नाही. भूगर्भशास्त्र आणि पुरातत्त्व यांनी इथे प्रतीक पुसले नाही, त्याला पाण्याची चव दिली.

हे काम श्रद्धावंताला नेहमीच सुखाचे जाईल असे नाही, आणि ते लपवणे अप्रामाणिक होईल. दानीएलाच्या अकराव्या अध्यायात ग्रीक राजांचा इतिहास विलक्षण बारकाईने येतो, इ.स.पू. १६७ मध्ये अंतियोख एपिफानेस याने यरुशलेमचे मंदिर विटाळले तिथपर्यंत. त्यानंतर मात्र राजाचा शेवट समुद्र आणि पवित्र पर्वत यांच्यामध्ये होईल असे म्हटले आहे, आणि प्रत्यक्षात तो दूर पारसात मेला. म्हणून ग्रंथाचा हा भाग इ.स.पू. १६५च्या सुमारास लिहिला गेला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तिसऱ्या शतकात पॉर्फिरी या तत्त्वज्ञाने हेच म्हटले होते. मृत समुद्राजवळच्या कुमरान येथील गुहांत दानीएलाच्या आठ हस्तलिखितांचे अवशेष मिळाले, आणि ग्रोनिंगन विद्यापीठाच्या गटाने २०२५ साली जाहीर केलेल्या किरणोत्सर्गी कार्बनच्या मोजमापानुसार त्यांपैकी एकाचे वय इ.स.पू. २३० ते १६० या टप्प्यात येते. हा टप्पा अभ्यासकांच्या मताला अगदी भिडतो, आणि मूळ रचना याहून जुनी होती असे मानणाऱ्याचे तोंडही बंद करत नाही. विज्ञानाचा प्रकाश असा असतो: मर्यादित, त्रुटीच्या फरकासह, आणि कोणाच्याही बाजूने आधीच न कललेला. तो हवा असेल तर दानीएलाच्या तारखेचा प्रश्नही त्याच्यापुढे ठेवावा लागेल. फक्त ग्रहणे आणि अणुबॉम्ब ठेवून चालणार नाही.

हा प्रश्न निव्वळ पंडितांचा असता तर त्यावर एवढे लिहिण्याची गरज नव्हती. पण या वाचनाचे परिणाम चर्चच्या भिंतींबाहेर पडतात. कोविडच्या काळात लसीतून चिप टोचली जाते आणि तीच श्वापदाची खूण, असे संदेश जगभर फिरले आणि लोकांनी लस नाकारली. हवामानबदलाच्या बाबतीत प्रकटीकरणाच्या सोळाव्या अध्यायातील सूर्याने माणसांना करपवण्याचे वचन पुढे करून ‘हे व्हायचेच होते’ असे म्हटले जाते, आणि पृथ्वीचा नाश करणाऱ्यांचा नाश होईल हे अकराव्या अध्यायातील वचन सोयीस्करपणे बाजूला राहते. अशा वेळी मला १७८०च्या काळोखातील एक प्रसंग आठवतो. हार्टफर्ड येथे कनेटिकटच्या विधिमंडळाचे कामकाज चालू होते आणि सभा तहकूब करावी असे सदस्य म्हणू लागले. अब्राहम डेव्हनपोर्ट हे सदस्य म्हणाले की न्यायाचा दिवस एक तर आला आहे किंवा आलेला नाही, आला नसेल तर तहकुबीचे कारण नाही, आणि आला असेल तर आपले काम करताना सापडणे मी पसंत करीन, मेणबत्त्या आणा. डेव्हनपोर्ट यांना वणव्याचा पत्ता नव्हता. काळोखाचे कारण ठाऊक नसतानाही सार्वजनिक जबाबदारी कशी पाळायची, हे त्यांना ठाऊक होते.

आपल्या देशात ईशान्येकडील काही ख्रिस्ती गटांनी आधार क्रमांकाला श्वापदाची खूण म्हणून विरोध केला. विरोध करण्याला माझा आक्षेप नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली म्हटले आहे आणि आधारवर टीका करायला भरपूर जागा आहे. पण प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात म्हटले आहे ते असे की ज्याच्या अंगावर खूण नाही त्याला विकत घेता येणार नाही आणि विकता येणार नाही. जी सत्ता आपल्यापुढे गुडघे न टेकणाऱ्याला बाजारातून बाहेर काढते, तिच्याविषयी हे वचन आहे, आणि ज्यांनी ते प्रथम ऐकले त्यांच्या हातातल्या नाण्यांवर कैसराचा मुखवटा होता. बारा आकडी संख्येत ६६६ शोधत बसणाऱ्याला हे दिसत नाही. पुढे अठराव्या अध्यायात बाबेल नगरीचे व्यापारी रडतात आणि त्यांच्या मालाची यादी येते: सोने, रुपे, मोती, रेशीम, हस्तिदंत, दालचिनी, तेल, गहू, गुरे, घोडे, रथ, आणि यादीच्या अगदी शेवटी माणसांचे जीव. रोमच्या अर्थव्यवस्थेवर याहून कठोर टीका त्या काळच्या साहित्यात क्वचितच सापडेल. कष्टाने झिजलेली बोटे यंत्राला ओळखता आली नाहीत म्हणून शिधावाटप दुकानातून रिकाम्या हाताने परत पाठवलेल्या माणसांच्या तक्रारी देशभरातून आल्या. आधारला विरोध करणाऱ्या मंडळ्यांनी त्या आकड्याची फोड करण्याऐवजी या तक्रारींची नोंद ठेवून ती पुरवठा खात्याकडे आणि न्यायालयाकडे नेली असती, तर प्रकटीकरणाचा तेरावा अध्याय त्यांनी अधिक नीट वाचला, असे मी म्हटले असते.